सर दोराबजी टाटा : पोलादापलीकडचा माणूस

टाटा हे नाव ऐकलं की आपल्याला काय काय आठवतं? ट्रक, स्टील, मीठ, चहा, आणि फायनल इयरवाल्यांना टीसीएस! माणसं आठवायची म्हटली तर जमशेटजी, जेआरडी आणि रतन टाटा. पण जमशेटजी आणि जेआरडी यांच्या मधे एक माणूस उभा आहे आणि त्याच्याविषयी आपण फारसं बोलतच नाही. शाळेत आम्हाला जमशेटजींवर धडा होता. त्याच्या शेवटी वडिलांचं स्वप्न मुलाने पूर्ण केलं एवढाच त्या मुलाचा उल्लेख होता. एवढं मोठं आयुष्य एका ओळीत संपलं!

तो मुलगा म्हणजे सर दोराबजी टाटा. मित्रमैत्रिणींनो, इंजिनीअरिंगच्या मासिकात टाटांवर लेख म्हणजे पोलाद आणि वीज यांच्यावरच असणार असं तुम्हाला वाटेल. ते तर येईलच. पण मला दोराबजी आवडले ते वेगळ्याच कारणासाठी. माणसांच्या अडचणी समजून घेणं हे सुद्धा शिकण्याचं काम आहे, त्याला सुद्धा पदवीनंतरचा अभ्यास लागतो, ही गोष्ट आपल्या देशात ज्या संस्थेने पहिल्यांदा करून दाखवली, ती त्यांच्या पैशातून उभी राहिली. आणि ती संस्था आपल्या नवी मुंबईपासून किती लांब? वाशीचा खाडीपूल ओलांडायचा, मानखुर्द गेलं की गोवंडी, आणि तिथून जवळच देवनार. पण तिथे पोचण्याआधी सुरुवातीपासून सांगते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी आणि हिराबाई यांचा हा थोरला मुलगा. धाकटा भाऊ रतन त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. शाळा मुंबईत झाली, मग इंग्लंड, आणि १८७७ मध्ये केंब्रिजचं गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. तिथे त्यांनी पुस्तकांपेक्षा मैदान जास्त गाजवलं असं म्हणायला हरकत नाही. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, धावणं, बोट वल्हवणं, सगळंच! दोन वर्षांनी वडिलांनी त्यांना परत बोलावलं आणि १८८२ मध्ये सेंट झेवियर्समधून ते बी.ए. झाले. म्हणजे ज्याने देशातला मोठा पोलाद कारखाना उभा केला तो माणूस आर्ट्सचा! आपल्या कॅंटीनमध्ये आर्ट्सवाल्यांवर विनोद करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

पदवीनंतर ते लगेच वडिलांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले नाहीत. दोन वर्षं बॉम्बे गॅझेट या वर्तमानपत्रात त्यांनी पत्रकारिता केली. मग वडिलांनी त्यांना पाँडिचेरीला पाठवलं आणि नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये. पुढे म्हैसूर संस्थानात गेले असताना तिथले शिक्षणाधिकारी डॉ. होरमसजी भाभा यांच्या घरी त्यांची मेहरबाईंशी ओळख झाली आणि लग्न ठरलं. या मेहरबाई म्हणजे आपल्या डॉ. होमी भाभांच्या आत्या. पारशी पद्धतीची साडी नेसून टेनिसच्या कोर्टवर उतरणाऱ्या आणि बालविवाहाच्या विरोधात बोलणाऱ्या. नवराबायको दोघंही खेळवेडी. जोडी छान जमली.

आता पोलाद. जमशेटजींना लोखंड हवं होतं आणि ते शोधायला निघाले दोराबजी. सोबत अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, त्या वेळच्या चांदा भागात, जंगलातून बैलगाडीने फिरायचं, खडक फोडून बघायचे, आणि रात्री तिथेच मुक्काम. लोखंड होतं, पण जवळचा कोळसा उपयोगाचा निघाला नाही. शेवटी नाद सोडायचा असं ठरवून दोराबजी नागपूरला चीफ कमिशनरांना तसं सांगायला गेले. साहेब जागेवर नव्हते. थांबायचं तर वेळ कसा काढायचा म्हणून ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा लावला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंडाचा रंग गडद दाखवला होता! धल्ली आणि राजहराच्या त्या डोंगरांमधलं लोखंड शेवटी टाटांच्या कामी आलं नाही. पुढे अनेक वर्षांनी ते भिलाईच्या कारखान्याला लागलं. पण त्या नकाशामुळे शोध थांबला नाही एवढं खरं. नंतर भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचं लोखंड कळवलं आणि साकची नावाच्या गावाजवळ जागा सापडली. हे सगळं बघायला जमशेटजी मात्र नव्हते. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं होतं.

१९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा दोराबजींनी आपल्याच लोकांपुढे शेअर ठेवले आणि तीन आठवड्यांत सगळे खपले. १९१२ मध्ये तिथे पहिलं पोलाद निघालं. साकचीचं पुढे जमशेदपूर झालं.

खरं सांगायचं तर मला इथे कारखान्यापेक्षा गाव जास्त इंटरेस्टिंग वाटलं. जमशेटजींनी मरणाआधी मुलाला पत्र लिहून कळवलं होतं की कामगारांचं गाव वसवशील तेव्हा रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडं लाव, बागांना जागा सोड आणि फुटबॉल-हॉकीसाठी मोठी मैदानं राख. विचार करा, कारखान्याची जागा सुद्धा ठरली नव्हती तेव्हा मैदानांची जागा ठरली होती! कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता. कामगारांच्या कल्याणासाठी काय करावं हे विचारायला कंपनीने इंग्लंडच्या सिडनी आणि बिअट्रिस वेब या समाजशास्त्रज्ञ दांपत्याचा सल्ला घेतला. धाकटे भाऊ सर रतन टाटा यांनी तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीचा अभ्यास व्हावा म्हणून १९१२ पासून वर्षाला पैसे द्यायला सुरुवात केली. म्हणजे या घरात भट्टीचं तापमान जसं मोजायचं तसंच माणसाचं दुःख सुद्धा नीट तपासून बघायचं, अशी काहीतरी समजूत होती.

पण चित्र सगळं गुलाबी नव्हतं. जमशेदपूरला १९२० मध्ये आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. आपल्या जवळचं उदाहरण तर त्याहून टोचणारं आहे. लोणावळ्याच्या घाटातलं पाणी पाइपातून खाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. खोपोलीला जाताना डोंगरावरून उतरणारे ते पाइप आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि हायड्रॉलिक्सच्या तासाला आपले सर त्याचं उदाहरण देतातच. पुढे मुळशीला धरण करायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. तो मोडला, धरण झालं आणि गावं बुडाली. इंजिनीअरिंग म्हणून ते काम उत्तमच होतं. पण घर बुडालेल्या माणसाचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपल्या ड्रॉइंग शीटवर कुठेच नसतो. दोराबजींच्या कंपन्यांच्या हिशेबात सुद्धा तो तेव्हा नव्हता असं मला वाटतं. त्यांची गोष्ट सांगायची तर हे सुद्धा सांगायला हवं.

आता मैदानावर येऊया. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या एका स्पर्धेत त्यांनी गावाकडची शेतकऱ्यांची मुलं अनवाणी पायाने धावताना बघितली. ना बूट, ना ट्रेनर, ना धड ट्रॅक. तरी त्यांची वेळ युरोपातल्या नामांकित धावपटूंच्या जवळपास जात होती! दोराबजींच्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांशी बोलून, समिती नेमून, स्वतःच्या खिशात हात घालून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक अगदी हातातून निसटलं. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला हॉकीचं सुवर्णपदक आलं.

या अँटवर्पच्या गोष्टीतली मला भावलेली बाजू वेगळी आहे. पोरं चांगली धावतात असं म्हणून टाळ्या वाजवणारे त्या मैदानावर शेकडो असतील. पण या पोरांना कोणीतरी शिकवायला पाहिजे, खायला घालायला पाहिजे, जहाजावर बसवून पाठवायला पाहिजे, हे एकाला सुचलं. नुसत्या गुणावर भागत नाही, त्याच्यामागे व्यवस्था लागते. आज क्रीडा मानसशास्त्र हा वेगळा विषय झाला आहे. २०११ चा वर्ल्ड कप आपण वानखेडेवर जिंकला तेव्हा संघाबरोबर पॅडी अपटन नावाचे मेंटल कंडिशनिंग कोच होते. तेच पुढे २०२४ मध्ये बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी गुकेशबरोबर होते. खेळाडूच्या पायाइतकीच त्याच्या मनाची काळजी घ्यावी लागते हे आता सगळे मानतात. दोराबजींच्या काळात हा शब्द सुद्धा इथे कोणाला माहीत नसेल.

१९२४ साल आलं आणि त्यांची सगळ्यात मोठी परीक्षा झाली. युद्ध संपल्यावर पोलादाचे भाव कोसळले होते. एक दिवस जमशेदपूरहून तार आली की कामगारांचे पगार द्यायला पैसे नाहीत. कंपनी बंद करा, विकून टाका, असे सल्ले मिळायला लागले. दोराबजींनी स्वतःची जवळजवळ सगळी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून एक कोटी रुपयांचं कर्ज उभं केलं. त्यात मेहरबाईंचे दागिने होते आणि २४५ कॅरेटचा तो प्रसिद्ध ज्युबिली हिरा सुद्धा होता. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा! पगार झाले. कंपनी वाचली. हळूहळू कर्ज फिटलं.

पुढचं वाचताना मात्र मला वाईट वाटलं. १९३१ मध्ये मेहरबाई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजी तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि एकटे पडले होते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी जवळजवळ सगळी संपत्ती एका ट्रस्टला देऊन टाकली. जमीन, शेअर्स, दागिने, तो ज्युबिली हिरा, सगळं. त्या पैशाचा उपयोग करताना ठिकाण, देश, धर्म यांचा भेद करायचा नाही असं दस्तऐवजात लिहिलं. रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी मेहरबाईंच्या नावाने आणखी एक ट्रस्ट काढला. मग ते युरोपला निघाले आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीत बाड किसिंगेन इथे त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या दफनभूमीत मेहरबाईंच्या शेजारीच त्यांना ठेवलं आहे.

इथे गोष्ट संपायला हवी, पण माझ्या मते खरी गोष्ट इथेच सुरू होते.

त्या काळात मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ काम करत होते. शिकागो विद्यापीठात शिकलेले आणि अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये इथे आलेले. नागपाडा म्हणजे दाटीवाटीची गरीब वस्ती, अनेक धर्मांची आणि भाषांची माणसं. तिथे १९२६ मध्ये मिशनने नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. शिकागोत जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या हल हाउससारखीच ही कल्पना. वस्तीच्या मधोमध एक घर असावं, तिथे मुलांनी खेळावं, मोठ्यांनी वाचावं, शिकावं, आरोग्याची माहिती घ्यावी आणि एकमेकांशी बोलावं. विशेष म्हणजे नागपाडा पुढे बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध झालं. भारताचा कर्णधार झालेला आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवलेला अब्बास मुन्तसिर इथलाच.

दहा वर्षं वस्तीत काढल्यावर मॅनशार्ट यांना एक गोष्ट कळून चुकली होती. मदत करायची इच्छा पुष्कळांना असते, पण मदत कशी करायची हे कोणाला शिकवलेलं नसतं. दारू पिणाऱ्या बापाशी काय बोलायचं, घरातून पळालेल्या मुलाला परत कसं आणायचं, दोन गटांची भांडणं कशी मिटवायची? डॉक्टर व्हायला पाच वर्षं लागतात, मग या कामाला नुसतं चांगलं मन कसं पुरेल? दुसरीकडे सर दोराबजी टाटा ट्रस्टपुढे प्रश्न होता की एवढा पैसा वापरायचा कसा. या दोन गोष्टी जुळल्या आणि १९३६ मध्ये नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातली ही पहिली संस्था. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. वर्गातल्या अभ्यासाबरोबर फील्डवर्क सक्तीचं. आपल्या इनप्लांट ट्रेनिंगसारखं समजा, फक्त इथे प्लांट म्हणजे चाळ, हॉस्पिटल, शाळा आणि झोपडपट्टी!

लगेच १९३७ मध्ये या संस्थेने चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. भारतातलं अशा प्रकारचं ते पहिलंच. शाळेत न रमणारी, चोरी करणारी, गप्प गप्प राहणारी मुलं. ज्यांना घरी मार मिळायचा आणि शाळेत वाईट शेरे, त्यांच्याशी शिकलेल्या माणसाने शांतपणे बसून बोलायचं, ही गोष्ट तेव्हा किती नवी असेल! १९४० च्या दशकाच्या शेवटी तिथे डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांच्या पुढाकाराने वैद्यकीय आणि मनोरुग्णांसाठीच्या समाजकार्याचा विभाग उभा राहिला. १९४४ मध्ये संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९५४ मध्ये ती देवनारला आली आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तीच ही टिस! मानसिक त्रासात असलेल्यांसाठी टिसने २०१२ मध्ये आयकॉल ही हेल्पलाइन सुरू केली. त्याच ट्रस्टच्या पैशातून १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल झालं आणि १९४५ मध्ये मेहरबाईंच्या भाच्याची टीआयएफआर.

यातलं काहीच दोराबजींनी बघितलं नाही. ही शाळा काढा असं त्यांनी लिहूनही ठेवलं नव्हतं. कल्पना मॅनशार्ट यांची, निर्णय विश्वस्तांचा. दोराबजींनी फक्त पैशावर अटींची बेडी घातली नाही. मला वाटतं, दान करताना हेच सगळ्यात अवघड असावं.

आता आपल्याकडे वळते. आमच्या हॉस्टेलवरची एक मैत्रीण मेकॅनिकलला आहे, मार्क उत्तम आहेत. बी.ई. नंतर माणसांबरोबर काम करायचं शिक्षण घ्यायचं असं तिने ठरवलंय. मेसमध्ये हे कळल्यावर जो काही हशा झाला तो विचारू नका. चार वर्षांची फी वाया, लोकांचं रडगाणं ऐकायला कशाला डिग्री लागते, असे शेरे. घरी तर अजून सांगितलेलंच नाही. तिला आणि तिच्यासारख्या इतरांना एवढंच सांगते की टिसच्या सोशल वर्कच्या एम.ए. ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मानसशास्त्राच्या काही अभ्यासक्रमांना मात्र पदवीला तो विषय असावा लागतो, तेव्हा आधी नीट चौकशी करावी. आणि लोकांचं ऐकायला डिग्री कशाला, या प्रश्नाला उत्तर नागपाड्यात १९३६ मध्येच देऊन झालंय.

हसणाऱ्यांना सुद्धा एक विचारावंसं वाटतं. केटी लागली म्हणून आठवडाभर खोलीबाहेर न आलेला मुलगा आपल्या प्रत्येकाच्या मजल्यावर एकदा तरी होऊन गेलाय. आपण काय केलं? टेन्शन घेऊ नकोस म्हणालो, वडापाव आणून दिला आणि दार ओढून घेतलं. मैत्री म्हणून ते ठीकच आहे. पण बेअरिंग गेलं तर आपण मशीनला टेन्शन घेऊ नको म्हणत नाही, ज्याला कळतं त्याला बोलावतो. कॉलेजमध्ये काउन्सेलर असेल तर तिथे जायला लाज कसली? जिमला जाताना आपण लाजतो का? सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नसेल तर रूममेटसाठी.

दोराबजींनी अनवाणी धावणारी मुलं बघितली आणि ती कौतुक करून घरी गेली नाहीत इतपत सोय केली. आपल्या आजूबाजूला सुद्धा पुष्कळजण काहीच पायात न घालता पळताहेत. त्यांच्याकडे नीट बघणं, आणि ज्याला हे काम शिकायचंय त्याला शिकू देणं, एवढं तरी आपल्याला जमायला हरकत नाही.